पत कुणाची? दोन राजदूत आणि वर्ध्याची वाट

तुमच्या फोनमध्ये बँकांची जी ॲप असतील, त्यांत आयसीआयसीआयचं असण्याची शक्यता बरीच आहे. पगार त्यात येतो, मेसचे पैसे त्यातून जातात, पण या पाच अक्षरांचा विस्तार फार थोड्यांना सांगता येतो: इंडस्ट्रियल क्रेडिट अँड इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. ५ जानेवारी १९५५ रोजी ही संस्था सुरू झाली तेव्हा ती बँक नव्हती. तिथे तुमचं-आमचं बचत खातं उघडत नसे. कारखाना काढणाऱ्याला लांब मुदतीचं कर्ज द्यायचं, तेही शक्यतो परकीय चलनात, हे तिचं काम होतं.

तिचे पहिले अध्यक्ष सर ए. रामस्वामी मुदलियार. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेचे ते पहिले अध्यक्ष होते. पुढे हेच पद गगनविहारी लल्लुभाई मेहता यांच्याकडे आलं, आणि त्याआधी ते भारताचे अमेरिकेतले राजदूत होते. कारखान्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेला राजकारण-परराष्ट्रकारणातली माणसं का लागावीत? उत्तर नावातल्या 'क्रेडिट' या शब्दात आहे. मराठीत त्याला आपण 'पत' म्हणतो.

पत हा शब्द मजेशीर आहे. बाजारात पत म्हणजे उधारी मिळण्याची लायकी. गावात पत म्हणजे माणसाच्या शब्दाचं वजन. दोन्हींसाठी आपल्याकडे शब्द एकच. राजदूत परदेशात जी कमावतो ती दोन्ही अर्थांची पत असते, कारण तो जे बोलतो ते देशाच्या नावानं बोलतो. पण नेमणूक संपली, सरकारी घर सुटलं, की त्या ओळखी, तो विश्वास, ते वजन कुणाचं? त्याचं की देशाचं?

हा प्रश्न जुना झालेला नाही. एस. जयशंकर जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र सचिव पदावरून निवृत्त झाले आणि एप्रिलमध्ये टाटा सन्समध्ये रुजू झाले. केंद्राच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. ती त्यांना देण्यात आली. पुढच्या वर्षी मे महिन्यात ते परराष्ट्रमंत्री झाले. अशा ये-जा करण्यावर आपल्याकडे तेवढ्यापुरती चर्चा होते आणि थांबते. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दोन राजदूतांकडे पाहायला हवं. एक मुंबईचा, एक वर्ध्याचा. दोघंही परराष्ट्र सेवेतले नव्हते, दोघंही नियोजन आयोगाचे सदस्य होते, आणि पद सुटल्यावर दोघांनी आपली पत अगदी वेगळ्या ठिकाणी नेली.

बोटीच्या कंपनीतून वॉशिंग्टनला

गगनविहारी मेहता यांचा जन्म १९०० सालचा. वडील सर लल्लुभाई सामळदास मुंबईच्या उद्योगविश्वातलं मोठं नाव. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि किलाचंद देवचंद यांच्यासोबत त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. पहिली बोट 'लॉयल्टी' ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून विकत घेतलेली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

भारताच्या किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीवर तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांची घट्ट पकड होती. समोर देशी कंपनी उभी राहिली की भाडं एवढं पाडायचं की तिचं दिवाळं निघावं, ही त्यांची ठरलेली चाल. सिंदिया या मारातून तगली, आणि त्यात सोलापूरच्या वालचंदशेठच्या हट्टाचा वाटा मोठा होता. गगनविहारी सुरुवातीला 'बॉम्बे क्रॉनिकल' या राष्ट्रीय वृत्तीच्या दैनिकात सहायक संपादक होते. १९२८ पासून जवळपास वीस वर्षं त्यांनी सिंदियाची कलकत्त्याची कचेरी सांभाळली. म्हणजे त्यांचा धंदा नुसत्या नफ्याचा नव्हता. बोट चालवणं हेच तिथे राजकारण होतं. दर, परवाने, टपालाची कंत्राटं, प्रत्येक गोष्टीसाठी सरकारी टेबलासमोर बसून भांडावं लागे. पुढे वॉशिंग्टनमध्ये कामी आलेली शिकवणी बहुधा इथलीच.

१९४२-४३ मध्ये ते देशातल्या व्यापारी-उद्योजकांच्या महासंघाचे, म्हणजे फिक्कीचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ बोर्डाचे प्रमुख झाले. कोणत्या देशी उद्योगाला परदेशी मालापासून संरक्षण द्यायचं हे ठरवणारं हे मंडळ. कालपर्यंत उद्योगांची बाजू मांडणारा माणूस आज त्यांचा निवाडा करायला बसला. आजच्या भाषेत याला हितसंबंधांचा प्रश्न म्हणतील. तेव्हा सरकारकडे उद्योग आतून माहीत असलेली माणसंच मोजकी होती.

मार्च १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला. पंडित नेहरू अध्यक्ष. पहिल्या सदस्यांत चिंतामणराव देशमुख होते, मध्य प्रांतातून आलेले, आयसीएस सोडलेले आर. के. पाटील होते, आणि गगनविहारीही होते. तिथून १९५२ मध्ये नेहरूंनी त्यांना राजदूत म्हणून वॉशिंग्टनला धाडलं.

काळ अवघड होता. शीतयुद्धात भारत कुठल्याच गटात नव्हता आणि अमेरिकेला ते रुचत नव्हतं. १९५४ मध्ये अमेरिकेनं पाकिस्तानला शस्त्रं द्यायचा करार केला. दुसरीकडे भारताला धान्य हवं होतं, यंत्रं हवी होती, डॉलर हवे होते. ज्याच्या धोरणावर टीका करायची त्याच्याकडेच मदत मागायची, आणि दोन्ही करताना मान ताठ ठेवायची. राजदूताचं काम हेच होतं.

ऑगस्ट १९५५ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टन विमानतळावर एक प्रसंग घडला. गगनविहारी आणि त्यांचे सचिव तिथल्या उपाहारगृहात बसले. त्यांना उठून वेगळ्या खोलीत बसायला सांगण्यात आलं, कारण त्यांची कातडी गोरी नव्हती. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन सव्वा वर्ष झालं होतं. माँटगोमेरीच्या बसमध्ये रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला तो प्रसंग अजून तीन-साडेतीन महिने दूर होता. बातमी जगभर गेली. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी आणि ह्यूस्टनच्या महापौरांनी माफी मागितली. गगनविहारींनी ती स्वीकारली आणि प्रकरण ताणलं नाही.

यावर आज दोन मतं होऊ शकतात. एक म्हणेल, ठणकावून बोलायला हवं होतं. मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं. पण माफी मिळाली ती राजदूताला. त्याच उपाहारगृहात रोज त्याच नियमानं उठवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांकडे कुणी माफी मागितली नाही. राजदूताची पत त्याच्या खुर्चीशी किती बांधलेली असते हे या प्रसंगात लख्ख दिसतं. पद काढून घेतलं तर उरतो तो फक्त सावळा माणूस.

डॉलरचा दुष्काळ आणि नवी खुर्ची

जागतिक बँकेचं मुख्यालय वॉशिंग्टनमध्येच आहे. १९५४ मध्ये बँकेनं जॉर्ज वुड्स या अमेरिकी बँकरला भारतात पाठवलं होतं. खासगी उद्योगांना कर्ज देणारी संस्था इथे उभी राहील का, हे पाहायला. त्यातून आयसीआयसीआय निघाली. भागभांडवल पाच कोटींचं: साडेतीन कोटी भारतीयांचे, एक कोटी ब्रिटिश गुंतवणूकदारांचे, पन्नास लाख अमेरिकी गुंतवणूकदारांचे. भारत सरकारनं साडेसात कोटी बिनव्याजी दिले. जागतिक बँकेनं एक कोटी डॉलर कर्ज मंजूर केलं. हेच वुड्स पुढे, १९६३ मध्ये, जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले.

आता हे आकडे किरकोळ वाटतील. पण १९५७-५८ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या ओझ्यानं देशाची परकीय गंगाजळी झपाट्यानं आटली. ऑगस्ट १९५८ मध्ये भारताला मदत करणाऱ्या देशांची पहिली बैठक वॉशिंग्टनमध्येच भरवावी लागली. कारखानदाराच्या खिशात रुपये असून उपयोग नव्हता. लेथ जर्मनीहून आणायचं तर मार्क लागत, अमेरिकेहून आणायचं तर डॉलर. सरकारकडे ते नव्हते. आयसीआयसीआयला ते बाहेरून मिळू शकत होते, कारण तिच्यावर परदेशी सावकारांचा विश्वास होता.

गगनविहारी १९५८ मध्ये राजदूतपदावरून मोकळे झाले. त्यांच्या जागी मुंबईचेच न्यायमूर्ती एम. सी. छगला गेले. १९५९ मध्ये गगनविहारींना पद्मविभूषण मिळालं आणि पुढच्या काळात त्यांनी आयसीआयसीआयचं अध्यक्षपद सांभाळलं. सहा वर्षं ज्या शहरात देशाची बाजू मांडली, त्याच शहरातून आता मुंबईच्या संस्थेसाठी डॉलर यायचे होते. समोरची माणसं ओळखीची होती. बदललं होतं ते यांचं लेटरहेड.

यात गैर काय? तसं पाहिलं तर काहीच नाही. आयसीआयसीआय पूर्ण खासगी नव्हती. सरकारचा पैसा तिच्यात होता आणि उद्देश देशी उद्योग उभे करण्याचा होता. याच संस्थेत १९५६ साली आलेल्या एच. टी. पारेख यांनी निवृत्तीनंतर १९७७ मध्ये एचडीएफसी काढली आणि मध्यमवर्गाला घरासाठी कर्ज घ्यायची वाट मोकळी झाली. गगनविहारी स्वतः विनोदी लेखक होते, इंग्रजीत आणि गुजरातीतही. स्वतःकडे तिरकं पाहण्याची सवय असलेला माणूस खुर्चीला सहसा चिकटत नाही.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. कर्ज मिळे ते ज्यांच्याकडे आधीच गहाण ठेवण्यासारखं काही होतं त्यांना. देशाच्या नावावर मिळालेला विश्वास शेवटी मोजक्या उद्योजकांच्या हाती यंत्रं बनून पोचला. त्यातून रोजगार आला, शहरं वाढली, हे खरंच. पण या यंत्राच्या गणितात खेडं कुठेच नव्हतं. गंमत म्हणजे गगनविहारींचे थोरले भाऊ वैकुंठभाई मेहता त्याच सुमारास खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष होते. पुण्यातली सहकार प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आज त्यांच्या नावानं आहे. एक भाऊ डॉलरच्या कर्जातून कारखाने उभारत होता, दुसरा घाणी आणि चरख्यासाठी सरकारकडे निधी मागत होता. आणि घाणी-चरख्याच्या अर्थशास्त्राचं गाव होतं वर्धा.

वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं ठाणं वर्ध्यातलं मगनवाडी. जागा जमनालाल बजाज यांची, आणि कामाची सूत्रं जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती. १९३६ मध्ये गांधीजी जवळच्या शेगावला राहायला गेले. त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. याच दिवसांत उत्तर प्रदेशातल्या इटाव्याचा एक अर्थशास्त्र शिकलेला तरुण वर्ध्यात आला. नाव श्रीमन्नारायण अग्रवाल, जन्म १९१२ चा. पुढे त्यांनी आडनाव लावणं सोडून दिलं. १९३७ मध्ये जमनालालजींची मुलगी मदालसा यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात भरलेल्या, नई तालीमची पायाभरणी करणाऱ्या शिक्षण परिषदेच्या आयोजनात ते पुढे होते. १९४० मध्ये वर्ध्यात गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू झालं आणि ते त्याचे प्राचार्य झाले.

वाणिज्याचा प्राध्यापक, देशातल्या नामांकित व्यापारी घराण्याचा जावई. आजच्या हिशेबानं पुढचा रस्ता सरळ दिसतो. पण त्यांनी केलं भलतंच. जानेवारी १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला वगैरे आठ जणांनी 'बॉम्बे प्लॅन' मांडला होता: पंधरा वर्षं, दहा हजार कोटी रुपये, भर मोठ्या उद्योगांवर. त्याच वर्षी श्रीमन्नारायण यांनी वर्ध्याहून उत्तर दिलं. त्यांच्या गांधीवादी योजनेचा खर्च होता साडेतीन हजार कोटी, प्रस्तावना गांधीजींची, भर शेती आणि ग्रामोद्योगांवर. मूलभूत उद्योग असावेत, पण सरकारच्या मालकीचे. देशाचं नियोजन मुंबईच्या दिवाणखान्यातून करायचं की सेवाग्रामच्या ओसरीतून, असा हा सामना होता.

जिंकली कोणती योजना हे आपल्याला माहीत आहे. श्रीमन्नारायण मात्र बाहेर बसले नाहीत. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते वर्ध्याचे खासदार झाले, काँग्रेसचे सरचिटणीस झाले. १९५७ मध्ये वर्ध्याची जागा त्यांचे मेहुणे कमलनयन बजाज यांच्याकडे गेली, आणि १९५८ मध्ये श्रीमन्नारायण नियोजन आयोगात बसले. ज्या आयोगानं त्यांच्या योजनेपेक्षा अगदी निराळा रस्ता धरला होता, त्याच आयोगात सहा वर्षं.

काठमांडूतली मोकळी चर्चा

१९६४ मध्ये ते राजदूत म्हणून नेपाळला गेले. राजे महेंद्र यांनी डिसेंबर १९६० मध्ये निवडून आलेलं बी. पी. कोइराला यांचं सरकार बरखास्त केलं होतं. भारतानं नापसंती दाखवली, संबंध बिघडले. १९६१ मध्ये नेपाळनं चीनशी काठमांडू ते कोदारी रस्त्याचा करार केला. आणि १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झालं. दिल्लीत नेपाळकडे संशयानं पाहिलं जात होतं आणि काठमांडूत भारताकडे थोरल्या भावाच्या दादागिरीमुळे रागानं.

अशा ठिकाणी एका गांधीवाद्याला पाठवणं हा हिशेबी निर्णय असावा. श्रीमन्नारायण यांनी आपल्या नेपाळच्या अनुभवांवर पुढे जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच त्यांनी 'खुला राजनय' हा शब्द घातला. मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं १९७० मध्ये ते काढलं. पडद्याआडच्या दबावाऐवजी उघड बोलणं आणि दिलेला शब्द पाळणं हा त्याचा गाभा.

त्यांच्या काळात तक्रारी ऐकल्या गेल्या, हे दिसतं. कोसी नदीचा १९५४ चा करार आपल्या हिताचा नाही, अशी नेपाळची जुनी खंत होती. एप्रिल १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री नेपाळला गेले, राजे महेंद्र यांच्या हस्ते कोसी बंधाऱ्याचं उद्घाटन झालं, आणि डिसेंबर १९६६ मध्ये करारात दुरुस्ती झाली. सगळं श्रेय राजदूताचं नसतं, आणि नेपाळचं समाधान पूर्ण झालं असंही नाही. कोदारी रस्ता १९६७ मध्ये खुला झालाच. पण दोन देशांतलं बोलणं पुन्हा सुरू राहिलं.

परतल्यावर

१९६७ च्या अखेरीस ते गुजरातचे राज्यपाल झाले आणि मार्च १९७३ पर्यंत राहिले. १९६९ ची अहमदाबादची भीषण दंगल याच काळातली. त्यानंतर त्यांना बजाजांच्या उद्योगात जागा नव्हती असं कोण म्हणेल? बजाज स्कूटरसाठी लोक तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसत होते. काठमांडू, गांधीनगर, दिल्ली इथल्या ओळखी असलेला घरचाच माणूस कुठल्याही उद्योगाला हवा असतो. त्यांनी ती वाट धरली नाही. ते विनोबांच्या आचार्यकुलाच्या कामात उतरले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. विनोबांचं तेव्हा वर्षभराचं मौन चालू होतं. 'अनुशासन पर्व' हे त्यांचे शब्द सरकारनं आणीबाणीच्या समर्थनार्थ भिंतींवर रंगवले. २५ डिसेंबरला मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला की सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन, अनुशासन असतं आचार्यांचं. मग जानेवारी १९७६ मध्ये वर्ध्याजवळच्या पवनारला आचार्यांचं संमेलन भरलं. कुलगुरू, न्यायविद, लेखक जमले. भरवण्यात श्रीमन्नारायण पुढे होते. तीन दिवसांच्या चर्चेनंतर एकमतानं निवेदन निघालं: देश लवकरात लवकर सामान्य स्थितीत यावा. शब्द सौम्य होते, घोषणा नव्हत्या, पण हजारो लोक तुरुंगात असताना आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना ते एकत्र बसून लिहिणं सोपं नव्हतं.

सरकारनं त्याकडे लक्ष दिलं नाही. आणीबाणी आणखी चौदा महिने चालली. जो माणूस पक्षाचा सरचिटणीस, योजनाकार, राजदूत, राज्यपाल होता, त्याचा शब्द त्याच्याच जुन्या सरकारकडे चालला नाही. जानेवारी १९७८ मध्ये श्रीमन्नारायण गेले. गगनविहारी त्याआधीच, १९७४ मध्ये गेले होते.

मग हिशेब काय?

गगनविहारींची पत चालली, श्रीमन्नारायण यांची चालली नाही, असा सोपा निकाल काढता येईल. एकानं नेलेली संस्था आज आपल्या फोनमध्ये आहे, दुसऱ्यानं नेलेलं निवेदन फाइलमध्ये. पण कर्ज मागायला जाणाऱ्याची पत आणि सत्तेला चार शब्द सुनावणाऱ्याची पत एकाच तराजूत घालता येत नाही. पहिलीला व्याज मिळतं म्हणून समोरचा दार उघडतो. दुसरीत समोरच्याला फक्त ऐकायचं असतं, आणि ऐकून मिळण्यासारखं काहीच नसतं.

निवृत्त राजदूतानं उद्योगात जाऊ नये असं मला म्हणायचं नाही. गगनविहारी गेले नसते तर परकीय चलनाच्या त्या टंचाईत काही कारखाने उशिरा उभे राहिले असते, इतकं तरी मान्य करावं लागेल. पण ते ज्या संस्थेत गेले ती देशाच्या कामासाठी काढलेली होती, तिच्यात सरकारचं भांडवल होतं आणि तिचा हिशेब उघड होता. देशाच्या नावावर कमावलेली पत देशाच्याच कामाला लागत होती. आज कुणी माजी राजदूत एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर जातो तेव्हा परवानगी मिळाली का, एवढंच आपण विचारतो. ती पत आता कुणासाठी खर्च होणार आहे, हेही विचारायला हवं. शस्त्रं विकणाऱ्या कंपनीसाठी की धरणाच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन देशांसाठी, यात फरक आहे.

वर्ध्याला गेलात तर सेवाग्राम पाहून लोक बहुतेक परत फिरतात. धाम नदीच्या काठावर पवनारचा आश्रमही जरूर पाहा. एका माजी राजदूतानं आपलं उरलंसुरलं वजन तिथे पणाला लावलं होतं. त्याचा परतावा शून्य आला, तरी ते लावलं गेलं.